व्लादीमिर नेमका कोणता? नावांचा गुंता सोडवायची माझी रीत

माझ्या टेबलाशेजारी चपलांचा एक जुना खोका आहे. त्यात पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची कार्डं उभी लावली आहेत आणि झाकणावर स्केचपेननं एकच नाव लिहिलं आहे: व्लादीमिर. अनुवादित पुस्तकांच्या शेवटी नामसूची असते ना, ती तयार करायचं काम मी एकवीस वर्षं करते आहे. रशिया, युक्रेन, पोलंड, कुठलंही पुस्तक आलं की हे नाव आलंच. आणि ते तीस पानांवर आलं म्हणजे तिसांवर एकच माणूस असतो, असं मुळीच नाही. कधी तो राजा असतो, कधी त्या राजाचा पणतू, कधी शहर, कधी त्याच नावाचं दुसरं शहर. कधी मेरीमातेचं चित्र, कधी पदक, पाणबुडी, घोडा, नाहीतर चेरी.

लहानपणी आमच्या घरात मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं होती, गुळगुळीत कागदाची. त्यांच्यामुळे ओढ लागली आणि पुढे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले. आता नवे अनुवादक आणि वर्तमानपत्रात नुकतेच लागलेले उपसंपादक अधूनमधून फोन करतात, ‘ताई, हा व्लादीमिर कोणता?’ फोनवर तुकड्यातुकड्यानं सांगण्यापेक्षा माझी रीत एकदा सगळी लिहून काढते. उदाहरण व्लादीमिरचं आहे, पण यारोस्लाव्ह, बोरिस, स्तानिस्लाव्ह, कुठल्याही स्लाव्ह नावाला ती चालते.

आधी माझ्या हातून झालेली चूक सांगते, कारण ही रीत तिच्यातूनच आली. अगदी सुरुवातीच्या वर्षांत एका पुस्तकाची सूची करताना मी ‘नाबोकोव्ह, व्लादीमिर’ अशी एकच नोंद केली आणि तिच्यापुढे बावीस पानांचे आकडे दिले. पुस्तक छापून आलं. महिन्याभरानं एका वाचकाचं पत्र आलं. सुवाच्य अक्षरात दोन पानांचे क्रमांक लिहून त्यांनी विचारलं होतं की, एका पानावर हे गृहस्थ १९२२ साली बर्लिनमध्ये गोळी लागून वारले आहेत आणि दुसऱ्यावर १९४० साली अमेरिकेला जायला निघाले आहेत, तर खुलासा व्हावा. खुलासा सरळ होता. ते बाप-लेक होते. वडील व्लादीमिर द्मित्रीयेविच, कायद्याचे जाणकार आणि राजकारणी. २८ मार्च १९२२ ला बर्लिनच्या एका सभेत मारेकऱ्यांनी पावेल मिल्युकोव्ह या रशियन राजकारण्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा त्यांना वाचवायला हे मध्ये पडले आणि स्वतः गेले. मुलगा व्लादीमिर व्लादीमिरोविच, कादंबरीकार. माझ्या एका ओळीनं त्या बापाचं मरण मुलाच्या खात्यावर टाकलं होतं. दुसऱ्याचा जीव वाचवताना मेलेल्या माणसाला सूचीत स्वतःची ओळसुद्धा मिळाली नाही, हे मला अजून बोचतं.

म्हणून पहिली गोष्ट. नाव दिसलं की लगेच कार्ड करू नका. ते मुळात कोणत्या भाषेतलं आहे, ते आधी शोधा. आपल्याकडे बहुतेक पुस्तकं इंग्रजीतून येतात आणि तिथे सगळ्यांना एकाच साच्यात घातलेलं असतं. मुळात मात्र हे नाव प्रत्येक भाषेत वेगळं झालं आहे. रशियनमध्ये आघात मधल्या ‘दी’वर येतो, म्हणून मी व्लादीमिर असं लिहिते, मधला दीर्घ आणि शेवटचा ऱ्हस्व. आपली वर्तमानपत्रं ‘व्लादिमीर’ छापतात. ते रूप चुकीचं नाही, फक्त ते चेक माणसाचं आहे. चेक भाषेत शेवटचा स्वर खरोखर दीर्घ आहे आणि त्यावर तशी खूणही असते. युक्रेनियनमध्ये वोलोदिमिर. बेलारूसमध्ये उलाजीमिर. पोलंडमध्ये व्वोजिम्येश. या दोन्हींतला ज ‘जीवन’मधला, ‘जाळं’मधला नव्हे. डेन्मार्कमध्ये गेल्यावर तो वल्देमार झाला. ‘व्ह्लादीमिर’ असंही कुणी लिहितं, पण तीन अक्षरांचं ते जोडाक्षर छापताना फार दाटतं. मी ते टाळते.

नावातल्या ‘व्लाद’ किंवा ‘वोलोद’चा अर्थ सत्ता, हुकमत. रशियाकडे चर्चच्या जुन्या भाषेतलं ‘व्लाद’ रुजलं, युक्रेननं बोलीतलं ‘वोलोद’ राखलं. पुढच्या भागाचा अर्थ बरेच लोक ‘शांती’ किंवा ‘जग’ असा सांगतात, कारण आजच्या रशियनमध्ये ‘मिर’ म्हणजे दोन्ही. जुन्या बखरींत मात्र तो ‘मेर’ आहे, म्हणजे थोर, नामवंत. तेव्हा ‘जगावर राज्य करणारा’ असा अर्थ कुणाच्या तळटीपेत दिसला, तर तो लोकांनी मागाहून लावलेला आहे एवढं ध्यानात ठेवा.

दुसरी गोष्ट म्हणजे वडिलांचं नाव. ही आपल्याला शिकवावी लागत नाही. मराठी माणूस शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत मधलं नाव लिहितच असतो. रशियन, युक्रेनियन आणि बेलारूशी लोकांतही तेच. व्लादीमिरचा मुलगा व्लादीमिरोविच, मुलगी व्लादीमिरोव्ना. फरक एकच, आणि तिथे मराठी अनुवादक हमखास घसरतात. आपल्याकडे लग्नानंतर बाईच्या मधल्या नावात नवऱ्याचं नाव यायची रीत. तिकडे ते आयुष्यभर वडिलांचंच राहतं. ‘येलेना व्लादीमिरोव्ना’ वाचून कुणी व्लादीमिरला तिचा नवरा करून टाकलं, असं मी मुद्रितांत तीनदा पाहिलं आहे. तो तिचा बाप असतो.

याचं आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर अलिबागजवळ रेवदंड्याला जा. तिथे अफनासी निकितिनचं स्मारक आहे. पंधराव्या शतकात हा रशियातल्या त्व्येर शहराचा व्यापारी समुद्रमार्गे चौलला उतरला. ‘निकितिन’ हे आपण आडनाव धरतो. मुळात त्याचा अर्थ निकिताचा मुलगा, एवढाच. म्हणजे तो निकिताचा अफनासी. आडनावं सर्रास रुळण्याआधीच्या माणसाला आडनावाखाली बसवायचं की नाही, हा सूचीकाराचा नेहमीचा पेच आहे. मी अशांची नोंद पहिल्या नावाखाली करते.

वडिलांच्या नावानं काम भागतं, असंही नाही. मायाकोव्हस्की हा कवी व्लादीमिर व्लादीमिरोविच. नाबोकोव्ह तेच. आणि पुतिनही तेच. तिघांच्याही वडिलांचं नाव व्लादीमिर. त्यात रशियन माणूस मानानं बोलवायचं तर आडनाव घेत नाही, नाव आणि वडिलांचं नाव एवढंच घेतो. आठवणींच्या पुस्तकात ‘व्लादीमिर व्लादीमिरोविच हसले आणि म्हणाले’ असं वाक्य येतं, तेव्हा कोण हसलं हे प्रसंगाच्या सालावरूनच ठरवावं लागतं. मायाकोव्हस्की १८९३ ते १९३०. नाबोकोव्ह १८९९ ते १९७७. पुतिन यांचा जन्म १९५२. म्हणून माझ्या प्रत्येक कार्डावर आडनाव, नाव, वडिलांचं नाव आणि जन्मसाल हवंच. मृत्यूचं सालही. आणि पुढे तीन-चार शब्दांत काम. ‘क्रामनिक, व्लादीमिर बोरिसोविच, १९७५, बुद्धिबळपटू, २००८ साली बॉन इथे आनंदकडून पराभूत.’ ‘क्योपेन, व्लादीमिर पेत्रोविच, १८४६–१९४०, हवामान-वर्गीकरण.’ या दुसऱ्यांचं आडनाव आपल्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांना पाठ असतं, पण ते सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले व्लादीमिर होते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आडनाव जर्मन, त्यामुळे शंकाच येत नाही.

लेनिनची एक वेगळी भानगड आहे. पूर्ण नाव व्लादीमिर इल्यीच उल्यानोव्ह. ते लिखाणाखाली ‘न. लेनिन’ अशी सही करत, त्या ‘न’चा कुणीतरी निकोलाय केला आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत निकोलाय लेनिन हा माणूस तयार झाला. तिथून तो कुठल्याही अनुवादात उतरू शकतो. सापडला की खोडू नका. ‘लेनिन, निकोलाय: पाहा लेनिन, व्लादीमिर इल्यीच’ अशी नोंद द्या, म्हणजे जुनं पुस्तक हातात घेतलेल्यालाही वाट सापडेल. क्रांतीनंतर जन्मलेल्या मुलांची व्लादलेन आणि विलेन ही नावं याच एका माणसाच्या नावातून केलेली आहेत. ती जुनी स्लाव्ह नावं समजू नका.

आता शब्दाचं शेपूट. माझ्या मते सगळ्यांत भरवशाची खूण हीच. ‘-ओव्ह’ असेल तर आडनाव: व्लादीमिरोव्ह. ‘-ओविच’, ‘-ओव्ना’ हे वर आलंच. ‘-ओव्का’ असेल तर बहुधा खेडं: व्लादीमिरोव्का. ‘-एत्स’ म्हणजे आपला ‘-कर’. व्लादीमिरेत्स म्हणजे व्लादीमिरकर, त्या शहराचा रहिवासी. शहरातल्या कारखान्यातून निघणाऱ्या ट्रॅक्टरलाही हेच नाव होतं, म्हणून ‘शेतात व्लादीमिरेत्स उभा होता’ असं वाक्य आलं तर थांबा आणि मागचा परिच्छेद पुन्हा वाचा. आणि ‘-स्की, -स्काया, -स्कोये’ ही विशेषणं आहेत. ती बरेचदा थेट माणसावरून आलेली नसतात. मध्ये एक गाव असतं, एक देऊळ असतं, एक रस्ता असतो.

हे नीट समजावं म्हणून एक साखळी पूर्ण उलगडून दाखवते. एका कादंबरीच्या मुद्रितात वाक्य होतं, ‘ती व्लादीमिरस्कायाला उतरली.’ सेंट पीटर्सबर्गचं मेट्रो स्टेशन. खाली अनुवादकाची तळटीप: ‘लेनिनच्या नावाचं स्थानक.’ तसं वाटणं अगदी साहजिक आहे. स्टेशन १९५५ सालचं, शहराचं नाव तेव्हा लेनिनग्राड, आणि सगळी मेट्रोच लेनिनच्या नावाची. पण शेपूट बघा, ‘-स्काया’. मी उलट चालत गेले. स्टेशनाचं नाव वरच्या परिसरावरून, तिथे व्लादीमिरस्काया चौक आणि व्लादीमिरस्की हमरस्ता आहेत. चौकाचं आणि रस्त्याचं नाव तिथल्या चर्चवरून. चर्चचं नाव लेनिनवरून नाही, कुठल्या राजावरूनही नाही, तर एका चित्रावरून. ‘व्लादीमिरची मेरीमाता’ म्हणून बाराव्या शतकातली एक पवित्र प्रतिमा आहे. मेरीच्या कडेवर येशू, त्याचा गाल तिच्या गालाला टेकलेला. ती रंगवली गेली कॉन्स्टॅन्टिनोपलला. तिथून कीव्हजवळच्या विश्होरोदला आली. ११५५ साली आंद्रेई बोगोल्यूब्स्की या राजपुत्रानं ती तिथून उचलून आपल्या व्लादीमिर शहरात नेली आणि तेव्हापासून तिला त्या शहराचं नाव लागलं. पुढे १३९५ मध्ये तैमूर चालून आला तेव्हा तिला मॉस्कोला नेलं, पण नाव व्लादीमिरचंच राहिलं. आणि शहराचं नाव? ते अखेर एका राजाचं. म्हणजे राजावरून शहर, शहरावरून प्रतिमा, प्रतिमेवरून चर्च, चर्चवरून रस्ता, रस्त्यावरून स्टेशन. कादंबरीतली ती बाई लेनिनच्या नाही, मेरीमातेच्या स्टेशनावर उतरली होती. पुढच्या पानावर ती त्याच चर्चमध्ये मेणबत्ती लावते, त्यामुळे हा फरक किरकोळ नव्हता.

तर प्रत्येक वस्तूला विचारा, हे नाव तुला कुणाकडून मिळालं? आणि त्याला कुणाकडून? कार्डाच्या मागच्या बाजूला मी ही साखळी बाणांनी काढते. दोन-तीन पायऱ्यांत गुंता सुटतो.

हे व्लादीमिर शहर आहे मॉस्कोच्या पूर्वेला सुमारे १९० किलोमीटरवर, क्ल्याझ्मा नदीकाठी. तिथली पांढऱ्या दगडाची बाराव्या शतकातली देवळं आणि सोनेरी दरवाजा १९९२ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. शहर वसवल्याचे दोन दावे आहेत. ११०८ साली व्लादीमिर मोनोमाख या राजानं वसवलं असा एक, आणि ९९० साली त्याच्याच नावाच्या पणजोबानं असा दुसरा. पुस्तक कोणता दावा मानतं ते बघून तसं लिहा, स्वतः निवाडा करू नका. शहराचं नाव मग इतर गोष्टींना गेलं. त्या मुलखात तयार केलेली अवजड कामाच्या घोड्यांची जात १९४६ साली मान्य झाली, ती व्लादीमिरची. तिथल्या चेरीची एक जुनी जात, तीही. आणि व्लादीमिरका हा रस्ता. मॉस्कोहून पूर्वेला जाणारा, बेड्या घातलेले कैदी सायबेरियाला चालत न्यायचा रस्ता. लेविटान या चित्रकारानं १८९२ मध्ये तो रंगवला. चित्रात कैदी एकही नाही, नुसती मातीची वाट आणि ढगाळ आभाळ. नाव माहीत नसेल तर ते साधं निसर्गचित्र वाटतं. नाव कळलं की त्या वाटेकडे बघवत नाही. असं असताना ‘व्लादीमिरका’ला कुणी मुलीचं लाडकं नाव समजून छापलं, तर अख्खं पान वाया जातं.

दुसरं शहर युक्रेनच्या पश्चिमेला, व्होलिन प्रांतात. रशियन साम्राज्याच्या काळात क्ल्याझ्मावरच्या शहराशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याला ‘व्होलिनचं’ असं विशेषण जोडलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये युक्रेननं ते काढलं, आता शहर नुसतं वोलोदिमिर. म्हणून पुस्तक कधीचं आहे हे बघून नोंद करा आणि जुन्या नावावरून नव्याकडे ‘पाहा’ द्या. याच शहराच्या नावाचं लॅटिन वळण म्हणजे लोदोमेरिया. १७७२ पासून १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या ताब्यात ‘गॅलिसिया आणि लोदोमेरिया’ नावाचं राज्य होतं. त्या नावात व्लादीमिर लपलेला आहे, हे कळलं त्या दिवशी मी खोक्यात एक कार्ड वाढवलं आणि मनापासून आनंदले.

दोन राजे मात्र वेगळे ठेवायलाच हवेत. पहिला व्लादीमिर स्व्यातोस्लाव्हिच, ज्यानं ९८८ साली कीव्हमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारवला. तोच संत व्लादीमिर. दुसरा व्लादीमिर मोनोमाख, १०५३ ते ११२५, पहिल्याचा पणतू. मोनोमाखच्या नातीच्या पोटी ११३१ मध्ये डेन्मार्कचा राजपुत्र जन्मला, वडिलांचा खून झाल्यावर अवघ्या आठवड्याभरानं. त्याला पणजोबांचं नाव ठेवलं. तोच राजा वल्देमार पहिला. दोनदा पणतवंडाकडे आलेलं नाव! आपल्याकडेही आजोबा-पणजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे ही गोष्ट मराठी वाचकाला एका वाक्यात पटते. तळटीप करायची झाली तर ही करा.

संत व्लादीमिरचं पदक कॅथरीन दुसरीनं १७८२ मध्ये सुरू केलं. ते लेनिनच्या वडिलांना मिळालं आणि त्यामुळे घराण्याला वंशपरंपरागत सरदारकी आली. लेनिनच्या चरित्रात हे पदक आणि लेनिन एकाच पानावर भेटतात, तेव्हा नोंदी दोन करा. रशियाच्या दोन अणुपाणबुड्याही अशाच. २०१४ साली नौदलात आली ती व्लादीमिर मोनोमाख, २०२० मध्ये आली ती क्न्याझ व्लादीमिर. क्न्याझ म्हणजे राजा, राजपुत्र. एक पणतूच्या नावाची, एक पणजोबांच्या.

या पणजोबांचा पुतळा कीव्हमध्ये नीपर नदीवरच्या टेकडीवर १८५३ पासून उभा आहे, आणि मॉस्कोत क्रेमलिनजवळ २०१६ पासून. युक्रेनच्या एक ह्रिव्हन्याच्या नाण्यावरही तेच आहेत. दोन्ही देश त्यांना आपलं म्हणतात. कसं लिहायचं? मी एक नियम पाळते. माणूस एक तर नोंद एक, दोन नाहीत. पुस्तक युक्रेनचं असेल तर मुख्य नोंद ‘वोलोदिमिर’खाली, रशियाचं असेल तर ‘व्लादीमिर’खाली, आणि दुसऱ्या रूपावरून ‘पाहा’. आजच्या हयात माणसांच्या बाबतीत तर पर्यायच नाही. झेलेन्स्की हे वोलोदिमिर आहेत. त्यांचं नाव रशियन वळणानं छापू नका. ज्याचं नाव, त्याच्या भाषेतलं.

आता एक गोष्ट जी इंग्रजी सूचीकारांकडे नाही आणि आपल्याकडे आहे. आपली भाषा. इंग्रजीत क्रियापद सगळ्यांना सारखंच. मराठीत माणूस पडला, शहर पडलं, पाणबुडी पडली. म्हणजे अनुवादकाला प्रत्येक वाक्यात ठरवावंच लागतं, आणि त्यानं चुकीचं ठरवलं तर ते लगेच दिसतं. एका इतिहासाच्या मुद्रितात होतं, ‘१२३८ साली व्लादीमिर पडला.’ लढाईत एखादा योद्धा धारातीर्थी पडावा तसं. फेब्रुवारी १२३८ मध्ये बातूच्या मंगोल फौजांनी व्लादीमिर शहर घेतलं, तेव्हा तिथला राजा युरी होता आणि तोही शहराबाहेर होता. म्हणून मी ‘पडलं’ करणार होते. पण आधीचं पान पुन्हा वाचलं. युरीचा एक मुलगा, व्लादीमिर युर्येविच, मॉस्कोत मंगोलांच्या हाती सापडला होता. त्याला त्यांनी व्लादीमिरच्या तटासमोर आणलं आणि ठार केलं. म्हणजे त्या दिवसांत व्लादीमिर मारला गेला, आणि मग व्लादीमिर पडलं. दोन्ही खरं. तिथे आम्ही वाक्यच बदललं: ‘राजपुत्र व्लादीमिर मारला गेला; थोड्याच दिवसांत शहरही पडलं.’ तेव्हा वाक्य खटकलं की लगेच दुरुस्त करू नका. एक पान मागे जा.

काही नावं नुसती सारखी दिसतात, त्यांना खोक्यात घेऊ नका. व्लादिवोस्तोक आणि व्लादिकाव्काझ यांच्यात व्लादीमिर नाही. पूर्वेवर, कॉकेशसवर हुकमत असा त्यांचा अर्थ. व्लादिस्लाव्ह हे वेगळंच नाव. आणि ‘व्लाद’ हा रशियात बहुतेक वेळा व्लादिस्लाव्ह असतो. व्लादीमिरला घरचे लोक वोवा किंवा वोलोद्या म्हणतात. कथेत वोवा आला आणि पुढे व्लादीमिर आला तर तो एकच मुलगा असण्याची शक्यता मोठी. वोलोद्याला युक्रेनियन ठरवायची घाई मात्र नको, ते रशियन घरांतही चालतं.

अकारविल्हे लावताना हा परिवार विखुरतो. उलाजीमिर स्वरांत जातो, लोदोमेरिया ‘ल’त, मग वल्देमार, वोलोदिमिर, आणि ‘व’च्या सगळ्या बाराखडीनंतर जोडाक्षरात व्लादीमिर, त्याच्यामागे व्वोजिम्येश. म्हणून ‘पाहा’ नोंदींत कंजुषी करू नका. पान वाचवायला प्रकाशक त्या कापायला सांगतात. मी भांडते. एकाच नावाच्या नोंदींचा आपसातला क्रमही ठरवून घ्या. मी आधी राजे आणि संत, सालानुसार. मग शहरं, देशाच्या नावासह. मग वस्तू, आणि प्रत्येकीपुढे ती काय आहे ते एका शब्दात. आडनाव असलेली माणसं अर्थातच आडनावाच्या अक्षरात.

एवढं करूनही एखादी जागा सुटत नाही. तेव्हा अंदाज छापू नका. पेन्सिलनं कार्ड करा, प्रश्नचिन्ह घाला आणि खोक्यात सगळ्यांत पुढे ठेवा. मग मूळ पान मिळवा. गेल्या पावसाळ्यात एका आठवणींच्या पुस्तकात वाक्य आलं, ‘त्या आठवड्यात व्लादीमिरकडून पत्र आलं.’ अनुवाद इंग्रजीवरून होता आणि इंग्रजीत माणसाकडून काय, शहरातून काय, शब्द एकच. रशियनमध्ये मात्र दोन आहेत. माणसाकडून असेल तर ‘ओत’, गावाहून असेल तर ‘इझ’. अनुवादिकेनं कुठूनतरी मूळ आवृत्तीच्या पानाचा फोटो मिळवून मला पाठवला. मी भिंग घेऊन बसले. ‘इझ’ होतं. ‘कडून’ खोडून ‘हून’ केलं आणि पेन्सिलचं कार्ड शाईनं लिहून शहराच्या मागे लावलं. पत्र लिहिणाऱ्याचं नाव पुढच्याच ओळीत होतं, सेर्गेई.